थांबून सांगणाऱ्या बायका

श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांमध्ये शिवामुठीची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते. एका राजाला चार सुना असतात. तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडती का नावडती, हे कहाणी सांगत नाही. तिचे रूप, तिचे माहेर, तिचा हुंडा, तिच्या हातून घडलेली चूक यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, आणि मला हे मौन फार अचूक वाटत आले आहे, कारण ज्या घरात एखाद्या बाईला छळायचे असते तिथे कारण नंतर शोधले जाते. तिला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे, राहायला गुरांचा गोठा आणि करायला गुराख्याचे काम मिळते. अशी ती रानात गेलेली असताना पहिल्या सोमवारी तिला नागकन्या आणि देवकन्या भेटतात. ती विचारते, ‘बाई बाई, कुठे जाता?’ त्या सांगतात की महादेवाच्या देवळात जातो, शिवामूठ वाहतो. याने काय होते, हेही त्या सांगतात. आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर त्या तिला विचारतात, ‘तू कोणाची कोण?’

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वाटेत भेटलेल्या, मळक्या कपड्यांतल्या एका गुराखी बाईला त्यांनी आधी माहिती दिली आणि ओळख नंतर विचारली. पहिल्या सोमवारी तिच्याजवळ पूजेचे काहीच नव्हते तेव्हा त्यांनी आपल्यातले दिले, काय म्हणून वाहायचे ते शिकवले आणि पुढच्या वेळी सामान स्वतः आणायला सांगितले. नावडती मग घरी येते, मिळालेले उष्टे पान गाईला घालते, उपास करते आणि पुढचा सोमवार येईपर्यंत वाट पाहते. घरची माणसे तिला विचारतात की तुझा देव कुठे आहे. ती उत्तर देते की माझा देव फार लांब आहे, वाटा कठीण आहेत, काटेकुटे आहेत, साप आहेत, वाघ आहेत. आठवड्यापूर्वी जिच्या तोंडून तक्रारीचा शब्दही निघत नव्हता, तिच्याकडे आता एक असे ठिकाण आहे जे घरातल्या कोणालाच ठाऊक नाही. चमत्कार पुढे होतो, देऊळ सोन्याचे होते, सासऱ्याची पगडी खुंटीवर राहते, सगळे घर थक्क होते. पण नावडतीचे बळ त्याआधीच उभे राहिलेले असते, आणि ते रानात तिच्यासाठी थांबलेल्या त्या मुलींमुळे उभे राहिलेले असते.

छळाला तोंड देणाऱ्या स्त्रियांच्या कथा वाचताना आपण बहुधा नायिकेच्या सोशिकतेकडे किंवा तिच्या बंडाकडे पाहतो. मला मात्र अशा प्रत्येक कथेत ती दुसरी बाई शोधण्याची सवय लागली आहे, जी वाटेत थांबली आणि आपल्याला जे माहीत आहे ते तिने हातचे न राखता सांगितले. आपल्या कथावाङ्मयात स्त्रियांची एकजूट मोर्च्याच्या रूपात फारशी दिसत नाही. ती या सांगण्याच्या रूपात दिसते.

आदित्य राणूबाईच्या कहाणीत तर हे इतक्या उघडपणे येते की ती रचणाऱ्या बायकांना नेमके हेच म्हणायचे असावे, असे मला वाटते. दोन बहिणी, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप कहाणी सांगायला आला तेव्हा मोठीने वेळ नाही म्हणून ऐकली नाही आणि तिच्या घरी दारिद्र्य आले. धाकटीने मनोभावे ऐकली आणि तिचे भरभराटीला गेले. मग मोठी आपल्या मुलांना एकेक करून मावशीकडे पाठवते. मावशी मुलांना न्हाऊमाखू घालते, जेवू घालते आणि निघताना कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते. वाटेत तो कोहळा जातो. दुसऱ्याला काठी पोखरून देते, तीही जाते. तिसऱ्याचा नारळ विहिरीत पडतो. प्रत्येक मुलगा रिकाम्या हाताने घरी येऊन सांगतो की दैवाने दिले, कर्माने नेले. शेवटी बहीण स्वतः येते, तळ्याच्या काठी बसते, धाकटी तिला घरी आणते, पाटावर बसवते आणि तेव्हा कुठे ती कहाणी तिला सांगितली जाते जी तिने ऐकायची नाकारली होती. दिलेला पैसा दर वेळी गेला, सांगितलेली गोष्ट मात्र तिच्याकडे राहिली. गुपचूप मदत करणाऱ्या बहिणीचे प्रेम खोटे नव्हते. पण मुलांच्या हाती होन पाठवणे आणि समोर बसवून आपल्याला ठाऊक आहे ते सगळे सांगणे, यांत दुसरेच टिकते, हे कहाणी जाणते.

शुक्रवारची कहाणी या सगळ्यांत धारदार आहे. गरीब बहीण, श्रीमंत भाऊ. भावाने सहस्रभोजन घातले आणि बहिणीला बोलावले नाही. तो विसरला असेल, भावाच्या घरी जायला लाज कसली, असे म्हणून ती मुलांना घेऊन गेली. तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, येऊ नकोस, असे त्याने सांगितले. मुलांच्या भुकेपायी ती पुन्हा गेली आणि शेवटी त्याने तिला हात धरून बाहेर काढले. इथे मोह होता वहिनीला खलनायिका करण्याचा, पण कहाणीने तसे केलेले नाही. हात भावाचा आहे. त्या बाईला आधार मिळाला तो शेजारणीकडे. ती तिथे बसायला गेली, आपले गाऱ्हाणे सांगितले आणि शेजारणीने तिला शुक्रवारचा वसा सांगितला. पुढे दिवस पालटले आणि भावाने तिला मानाने जेवायला बोलावले. तिने शालजोडी उतरवली, दागिने काढून पाटावर मांडले आणि भाताचा घास, भाजी, लाडू, जिलबी एकेका दागिन्यावर ठेवू लागली. भावाने विचारले की ताई, हे काय? ती म्हणाली की तू ज्यांना बोलावलेस त्यांना जेवू घालते आहे; माझे जेवण मी सहस्रभोजनाच्या दिवशीच जेवले. एवढे थेट उत्तर देणारी नायिका मराठी कादंबरीला पुढे फार वर्षांनी मिळाली.

या कहाण्या मी प्रथम ऐकल्या त्या आजोळी, आजीच्या विधवा नणंदेच्या तोंडून. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. पोथी समोर असली तरी तिला सगळे पाठ होते. हातात अक्षता घेऊन बसलेल्या सवाष्णींना ती शुक्रवारची कहाणी सांगे, ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ इथे तिचा आवाज हमखास चढे, आणि कहाणी सुफळ संपूर्ण झाली की ती उठून आत जाई. त्यानंतरचे हळदकुंकू, ओटी, साखर घातलेले दूध आणि भाजलेल्या हरभऱ्यांची खिरापत हे सवाष्णींसाठी होते. वसा सांगणारीलाच वशातून वगळलेले होते. शेजारीण शेजारणीला, बहीण बहिणीला सांगत गेली हे खरे, पण त्या सगळ्यांच्या कपाळावर कुंकू होते. शिवामुठीच्या कहाणीतही नावडतीची आवडती झाली, पालखीत बसून घरी आली, पण ज्या घरात कोणीतरी नावडती असावीच लागते ते घर तसेच राहिले. तिच्या जागी उद्या गोठ्यात कोण जाणार, हे कहाणी विचारत नाही. या परंपरेवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच तिचे हे बंद दार मला दुखावते.

त्या दारापलीकडे मराठी कथा गेली ती 19व्या शतकाच्या उत्तरार्धात. विधवेचे दुःख तेव्हा घराबाहेर बोलले जाऊ लागले होते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी मंडळींनी एकत्र येऊन विधवांचे केस कापणार नाही, असे ठरवले. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवण्याचे ठरवावे, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मला अत्यंत आदरणीय वाटणारी घटना आहे. त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली.

कादंबरी एका पुरुषाने लिहिलेली, पण सांगणारी यमू. ती आपले बालपण, लग्न, सासर, मुंबईतला मोकळ्या हवेचा काळ, नवऱ्याचा मृत्यू आणि शंकरमामंजींनी घडवून आणलेले सक्तीचे केशवपन, हे सगळे स्वतः लिहून ठेवते. बहुतेक वाचकांच्या मनात केशवपनाचा प्रसंग घर करून राहतो आणि ते स्वाभाविक आहे. माझ्या मनात मात्र दुर्गी राहिली आहे. दुर्गी यमूची बालमैत्रीण. तिचा नवरा उनाड आणि मारकुटा. यमूचा रघुनाथ समंजस आणि प्रेमळ. एकीच्या वाट्याला नरक आणि दुसरीच्या वाट्याला काही वर्षांचे सुख, अशा असमान नशिबांतही त्यांची मैत्री सुटत नाही. दुर्गी जे भोगते ते यमूला सांगते, आणि यमूच्या कहाणीत दुर्गीची कहाणी तितक्याच जागेची हक्कदार होते. दुर्गीच्या हकिकतीविना यमूचे आत्मकथन एका दुर्दैवी स्त्रीचे दुःख झाले असते. दुर्गीमुळे ते एका व्यवस्थेचे वर्णन झाले. रघुनाथ चांगला निघाला हा योगायोग आणि दुर्गीचा नवरा वाईट निघाला हाही योगायोग, पण दोघींना निवडीचा अधिकार नव्हता हा मात्र योगायोग नव्हता, हे दोन मुली शेजारी ठेवल्यावरच दिसते.

मुंबईचा भाग वाचताना मला नेहमी वाटते की हरिभाऊंनी तिथे जाणूनबुजून वेळ काढला आहे. सासरच्या नजरेपासून दूर, थोड्याशा जागेत, समविचारी जोडपी शेजारी राहतात. बायका वाचतात, एकमेकींना वाचून दाखवतात, भेटतात, बोलतात. कथानकाच्या दृष्टीने या काळात फारसे काही घडत नाही. पण यमूला नंतर जे लिहिता आले ते या काळात मिळालेल्या अक्षरामुळे आणि ऐकून घेणाऱ्या मैत्रिणींमुळे. शंकरमामंजींना तिचे केस कापता आले, लिहिणे थांबवता आले नाही. अत्याचार करणारा आधी बाईला एकटी पाडतो, तिला माहेरापासून, मैत्रिणींपासून, पुस्तकांपासून तोडतो आणि मग हात उगारतो, हा क्रम या कादंबरीत जितका स्पष्ट दिसतो तितका त्यानंतरच्या फार थोड्या कादंबऱ्यांत दिसतो.

हरिभाऊंना हे कळले ते केवळ कल्पनेने, असे मला वाटत नाही. काशीबाई कानिटकरांशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता आणि त्यांच्यात पत्रव्यवहार होता. लग्न होऊन आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध सोसत अक्षरे गिरवलेल्या, पुढे आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आणि स्वतःच्या कादंबऱ्या लिहिलेल्या काशीबाईंसारखी स्त्री ज्याच्याशी मोकळेपणाने बोलत होती, त्या लेखकाला माजघरातले आवाज ऐकू आले असतील तर नवल नाही.

त्यानंतरची चाळीस वर्षे मी इथे ओलांडून जाते, कारण मला थेट 1933 सालाकडे यायचे आहे. त्या वर्षी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि मोठी खळबळ उडाली. ही बाई कोण, असा शोध सुरू झाला, निषेध झाले. मालती बेडेकर, त्या वेळच्या बाळूताई खरे, या नावामागे होत्या. त्यांच्या नायिका शिकलेल्या, शिक्षिका म्हणून कमावणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली. कोणी त्यांना मारत नाही, कोणी केस कापत नाही. घरचे त्यांच्या पगारावर अवलंबून आहेत आणि म्हणूनच त्यांच्या लग्नाची कोणाला घाई नाही. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे शीर्षकच त्या मुलींच्या मनातला प्रश्न कसलीही मखलाशी न करता मांडते.

या कथांमधला एकटेपणा मला यमूच्या एकटेपणापेक्षाही अवघड वाटतो. छळणारा माणूस समोर दिसत असला की दुसरीला सांगता येते. इथे छळणारे प्रेमळ वडील आहेत, थकलेली आई आहे, शिकणारी भावंडे आहेत, आणि आपल्याला देह आहे, इच्छा आहे, हे बोलणे म्हणजे निर्लज्जपणा ठरणार आहे. शेजारच्या खोलीतली दुसरी शिक्षिका नेमके तेच सोसत असते आणि दोघी एकमेकींना काही सांगत नाहीत. ही कोंडी पात्रांना फोडता आली नाही, ती लेखिकेने फोडली. पुस्तक हाती पडल्यावर कितीतरी मुलींना प्रथमच कळले असेल की हे आपल्या एकटीच्या मनात नाही. रानात थांबणाऱ्या नागकन्येचे काम इथे छापील पानाने केले, आणि लोक चिडले ते त्यामुळेच, असे मी समजते. एका मुलीचा उसासा कोणाला त्रासदायक होत नाही. तोच सगळ्यांचा आहे हे कळले की घराघरांतली पगाराची वजाबाकी उघडी पडते.

मालतीबाई तिथेच थांबल्या नाहीत याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते त्यांच्या सोलापूरच्या वसाहतीत त्यांनी काम केले आणि त्या अनुभवातून 1950 मध्ये ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. आपल्या वर्गातल्या मुलींच्या खोल्यांमधून निघून तारेच्या कुंपणापर्यंत चालत जाणाऱ्या लेखिका आपल्याकडे थोड्या झाल्या.

तरीही कुंपणाबाहेरून आत पाहणे वेगळे आणि आतून बोलणे वेगळे. ऊर्मिला पवार यांच्या कथा वाचताना ते जाणवते. त्यांच्या ‘कवच’ या कथेत गौऱ्या नावाचा शाळकरी मुलगा आहे आणि आंबे विकायला जाणारी त्याची आई आहे. बाजारात आंब्यांच्या निमित्ताने पुरुष जे दुहेरी अर्थाचे बोलतात ते त्याला कळू लागले आहे आणि लाजेने तो करपून निघतो आहे. आईने जाऊ नये, असे त्याला वाटते. पण आईने पाटी उचलली नाही तर घरात चूल पेटणार नाही. कहाणीतल्या नावडतीला उष्टे का होईना, मिळत होते. इथे रोज बाहेर पडून, रोज ते शब्द झेलून मिळवावे लागते. त्या बाईचा कणखरपणा लेखिकेने उंच आवाजात सांगितलेला नाही. ती बाजाराची भाषा जाणते, तिला तिच्यापुरते उत्तर आहे आणि ती माल विकून घरी येते, एवढेच.

या कणखरपणाचे मूळ पाहायचे तर लेखिकेच्या ‘आयदान’ या आत्मकथनाकडे जावे लागते. डोक्यावर लाकडाचे भारे, गवत, आंबे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या गावच्या बायकांचे जे वर्णन तिथे आहे, त्यात त्या एकट्या चालत नाहीत. वाटेत बोलतात, हसतात, एकमेकींची दुःखे काढतात, धीर देतात. ती वाट म्हणजेच त्यांची बैठक होती. बाजारात शिरताना प्रत्येकीच्या पाठीशी तेवढ्या मैलांचे बोलणे असे. शहरी मध्यमवर्गीय कथेतल्या शिक्षिकेला जे मिळाले नाही, ते या बायकांना मिळाले होते. आणि त्या शिक्षिकेला असलेले पगाराचे, जातीचे, पक्क्या घराचे संरक्षण यांना मुळीच नव्हते. म्हणून ‘सगळ्या स्त्रिया एक’ हे वाक्य मला घाईचे वाटते. आत्याआजीला ओटीपासून दूर ठेवणाऱ्या सवाष्णींनी पाटीवाल्या बाईला तर ओसरीवरही चढू दिले नसते. ही गोष्ट बाजूला ठेवून भगिनीभावाबद्दल लिहिणे मला जमणार नाही.

अलीकडच्या कादंबऱ्यांत कविता महाजन यांच्या 2005 च्या ‘ब्र’ने या सांगण्या-ऐकण्याला नवे ठिकाण दिले. 73व्या घटनादुरुस्तीनंतर 1993 पासून पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती अशा बायका सरपंच झाल्या. घटस्फोटाच्या आणि मुलापासून दुरावल्याच्या दुःखातून सावरू पाहणारी प्रफुल्ला एका संस्थेत कामाला लागते आणि आदिवासी पाड्यांवरच्या अशा बायकांना भेटत जाते. तिला त्यांची माहिती गोळा करायची आहे. प्रत्यक्षात पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. अविश्वास ठराव, धमक्या, मारहाण, कोऱ्या कागदावर घेतलेले अंगठे, नवऱ्याने चालवलेला कारभार, हे सगळे भोगूनही पुन्हा सभेला जाऊन बसणाऱ्या बायका तिच्याशी बोलतात, आणि शिकलेल्या, शहरातल्या प्रफुल्लाला स्वतःच्या संसारात आपण कुठे कुठे गप्प राहिलो ते दिसू लागते. इथे सांगणारी आदिवासी बाई आहे आणि ऐकणारी मध्यमवर्गीय. वसा उलट्या दिशेने चालला आहे.

या बायकांपैकी सगळ्या जिंकत नाहीत. काहींची खुर्ची जाते, काहींचे घर जाते. पण मागच्या सरपंचीणबाईला कोणत्या कागदावर कसे फसवले, हे पुढच्या बाईला निवडून येण्याआधीच कोणीतरी सांगितलेले असते, आणि ती कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देत नाही.